आप्पांची केबल आणि भुताची घंटा

आमच्या धंद्याची एक गंमत आहे. काम फसलं तर अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातं, आणि जमलं तर कोणालाच काही ऐकू येत नाही! आता न आलेल्या आवाजाचं कौतुक कोण करणार? मग आमचं आम्हीच करतो. काळाचौकीच्या आमच्या गाळ्यात चार वाजता चहा आला की कोणीतरी पिन मारतं, "ए, गिरगावातल्या त्या चाळीचा इंटरकॉम आठवतो का रे?" झालं! खारी संपते, चहा गार होतो, पण बोलणं काही संपत नाही. तारांचे तुकडे भंगारवाला येऊन घेऊन जातो. किश्श्यांना भंगारवाला नाही, ते साठतच जातात.

आधी मंडळी कोण ते सांगतो. मी दिनू. बावीस वर्षं झाली, कॉलबेल, इंटरकॉम, स्पीकर, जिथे जिथे लांब केबल टाकावी लागते ती कामं करतोय. वर्षा आमची इंजिनीअर, दादरची, बोलणं एकदम शुद्ध. तिच्या बॅगेत एक लॅपटॉप आणि तीन मीटर असतात. आणि तिसरे आप्पा. वय अडुसष्ट, मूळ मालवणकडचे, केबलचे जॉइंट मारण्यात हयात गेलेली. कान मात्र आता जरा अधू झालेत. म्हणजे बघा, लाईनवरचं हमिंग शोधणं हा ज्याचा धंदा, त्यालाच हमिंग ऐकू येत नाही! जॉइंट मारून झाला की ते माझ्याकडे बघतात, "आवाज आसा काय रे?" मी कान लावून सांगतो. आमची पार्टनरशिप ही अशी आहे.

आज जे सांगतोय ते सगळे किस्से परळच्या एकाच हॉस्पिटलमधले, पंधरा दिवसांतले. हॉस्पिटलचं नाव नाही सांगत, उगाच कशाला!

तिथे दोन बिल्डिंगी आहेत, जुनी आणि नवी. नवी म्हणजे तीस वर्षांची, पण जुनी उभी आहे तोवर ती नवीच! नव्या बिल्डिंगमध्ये ऑपरेशनं आणि सिस्टर लोकांची ड्यूटी रूम. जुनीत बरे होत आलेले पेशंट, वरच्या मजल्यावर बाळंतिणी, खाली पुरुष. पेशंटनं पलंगाजवळचं बटण दाबलं की ड्यूटी रूमच्या पॅनलवर घंटा वाजते, बेडचा नंबर पेटतो आणि सिस्टर स्पीकरवर त्याच्याशी बोलू शकते. दोन बिल्डिंगींच्या मध्ये एक पूल आहे. त्यावरनं माणूस दोन मिनिटांत पोचतो. केबल मात्र शाफ्टमधनं खाली, तळघरातनं आडवी, कंपाउंडच्या खालनं पलीकडे, पुन्हा वर, अशी चारशे मीटर फिरून जाते. ती केबल तीस वर्षांपूर्वी आप्पांनी टाकलेली. त्यातला एकेक जॉइंट त्यांच्या हातचा.

गेल्या वर्षी तळघरात नवीन एसी प्लांट बसला, लिफ्ट बदलल्या, त्यांच्या मनगटाएवढ्या पॉवर केबली आल्या. आणि घंटा आपोआप वाजायला लागली. कोणी बटण दाबलेलं नाही, तरी टिंग! स्पीकर चालू करावा तर नुसतं घूंऽऽऽ. सिस्टर लोकांनी तिला नाव दिलं, भुताची घंटा.

सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका दुपारी खालच्या वॉर्डातल्या एका आजोबांना दम लागला. त्यांनी बटण दाबलं. ड्यूटीवर होत्या सिस्टर मयेकर, तिथल्या सगळ्यात सीनियर. त्यांना वाटलं भूतच असणार. त्यांनी हातातली फाईल पुरी केली आणि मग सावकाश उठल्या. शेजारच्या पेशंटनं पंप हातात दिला म्हणून आजोबा वाचले. आम्ही पहिल्या दिवशी गेलो तेव्हा मयेकरबाईंनीच हे सांगितलं, आमच्याकडे न बघता.

"दिनूभाऊ, इतकी वर्षं घंटा वाजली की आधी माझे पाय उठायचे. आता आधी डोकं विचारतं, खरी की खोटी? मला हे सहन होत नाही. एक तर नीट करा, नाहीतर काढून फेकून द्या!"

काढून फेकायची तयारी झालेलीच होती. लोअर परळच्या कुठल्यातरी काचेच्या ऑफिसातला एक कन्सल्टंट येऊन सांगून गेला होता की जुनी केबल सडलीय, उपटा आणि सगळं नवीन टाका. ॲडमिनच्या मॅडमनी आम्हाला पंधरा दिवस दिले, तेही मयेकरबाईंनी रदबदली केली म्हणून.

आप्पा त्या दिवशी गाळ्यात आले आणि म्हणाले, "केबल सडूक नाय. पण ती सडली म्हणान उपटतले असतीत, तर मी हत्यारां खाली ठेवतंय. झील कधीपासून सांगता, आता पुरे, गावाक जाऊन रव. जातंय मगे."

वर्षानं माझ्याकडे बघितलं. झील म्हणजे त्यांचा मुलगा, तो खरंच मागे लागला होता. आप्पांशिवाय गाळा? छे हो!

*

पहिला राडा पहिल्याच सकाळी. हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन परब, कडक इस्त्री, झुपकेदार मिशी, आमच्यावर नजर ठेवायला उभा. वर्षानं केबलमधली एक तार दोन्ही टोकांना सोडवली. म्हणजे त्या तारेला ना इकडे काही जोडलेलं, ना तिकडे. मीटर लावला. पंचावन्न व्होल्ट!

"लाइव्ह आहे! हात लावू नका कोणी!" परब दोन पावलं मागे उडाला आणि थेट मेन स्विचकडे धावला.

"अहो परब, वर ऑपरेशनं चालू आहेत!" मी त्याचा शर्टच धरला. इस्त्री मोडली, त्याचा राग त्याला आजही आहे.

आप्पांनी शांतपणे पिशवीतनं त्यांचा बल्ब काढला. जुनं होल्डर, त्यात झिरोचा बल्ब, दोन वायरी आणि टोकाला पिना, बस. वर्षाचा मीटर जेवढ्याला येतो तेवढ्यात असे बल्ब टेम्पो भरून येतील. त्यांनी पिना लावल्या. बल्ब पेटला नाही. नुसता लाल सुद्धा झाला नाही. आणि वर्षाच्या मीटरवर व्होल्टेज झालं शून्य! बल्ब काढला, पुन्हा पंचावन्न. लावला, शून्य.

परब डोळे फाडून बघत होता. "हे काय जादू आहे?"

"परबांनु, चाळीत रवतास मां? शेजारच्या खोलीत नवरा-बायको भांडले, तर तुमका ऐकाक येता काय नाय?"

"येतं की."

"तुमका मार बसता?"

"मला कशाला बसेल?"

"तसाच ह्या. भांडणां पॉवर केबलीची. आमच्या तारेक नुसती ऐकाक येतत."

वर्षा म्हणाली, "आप्पा, आम्हाला कॉलेजात हे शिकवायला एक अख्खी टर्म लागली होती."

लोच्या असा होता की जुन्या पॅनलची घंटा वाजायला दणदणीत करंट लागायचा. नवीन इलेक्ट्रॉनिक पॅनल भलतं हळवं, शेजारची कुजबुज आली तरी त्याला पेशंट वाटायचा. वर्षानं प्रत्येक लाईनला पॅनलपाशी एक छोटा रेझिस्टर लावला. ही ऐकीव व्होल्टेजं तिथेच जिरायला लागली, बटण दाबल्यावरचा खरा करंट मात्र आरामात यायचा. दुसऱ्या दिवशी मयेकरबाईंचा फोन, "अहो, सकाळपासून फक्त तीनदा खोटी वाजली!" आधी ती तासाला तेवढी वाजायची. आम्ही गाळ्यात नाचायचेच बाकी होतो.

*

आता माझी स्वतःची फजिती. सांगायला लाज वाटते, पण लपवली तर वर्षा सांगेल आणि ती मसाला लावून सांगते.

घंटा कमी झाली, पण स्पीकरवरचं घूंऽऽऽ तसंच होतं. त्या केबलवर तारांच्या भोवती ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळलेला असतो, बाहेरचा आवाज अडवायला. त्या पत्र्याला अर्थिंग द्यावं लागतं, तरच तो आवाज जमिनीत जातो. मी तपासलं तर अर्थिंग फक्त नव्या बिल्डिंगच्या टोकाला. मला वाटलं, सापडला झोल! एका अर्थिंगनं एवढं काम होतंय, तर दोन टोकांना दिल्यावर डबल होईल की! मी कोणाला न विचारता जुन्या बिल्डिंगमध्ये जाऊन दुसरं टोकसुद्धा अर्थ करून टाकलं. मस्तपैकी शीळ घालत परत आलो.

ड्यूटी रूममध्ये पाऊल ठेवलं तर मयेकरबाई हात जोडून पॅनलसमोर उभ्या.

"काय झालं, सिस्टर?"

"आधी भूत नुसतं गुणगुणत होतं. आता भजनाला बसलंय!"

खरंच हो! स्पीकरमधनं असा घनगंभीर सूर येत होता की मृदंग तेवढा बाकी होता. आप्पांना ऐकू आलं नाही, पण त्यांनी स्पीकरच्या जाळीवर हात ठेवला, आणि हाताला जे थरथरलं त्यावरनं समजले. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "दिन्या, दुसऱ्या टोकाक काय केलंस?"

बावीस वर्षांचा अनुभव माझा, शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून उभा. दोन बिल्डिंगींच्या जमिनी काही एकसारख्या नसतात. दोन्हीकडे बांधलं की त्यांच्यातला फरक पत्र्यातनं गोल गोल फिरत बसतो आणि तारांना आणखी त्रास देतो. मला हे माहीत होतं, दुसऱ्यांना शिकवलंय सुद्धा! पण हुशारीच्या भरात डोकं आऊट झालं.

गेलो, टोक सोडवलं. भजन थांबलं, नुसती गुणगुण राहिली. वर्षानं त्या टोकावर लाल टेप लावून मार्करनं लिहिलं, "इथे अर्थ करू नये. विशेषतः दिनूदादांनी." ती पट्टी अजून तिथे आहे.

*

तळघरात आम्ही उतरलो आणि बघतो तर काय, स्वर्ग! ट्रे एकदम टापटीप. लिफ्टची आणि एसीची पॉवर केबल सरळ रेषेत, आणि तिला चिकटून, दर वीतभरावर प्लास्टिकच्या टायनं आवळून बांधलेली, आमची बिचारी कॉलबेलची केबल. साठ मीटर! एक टाय वाकडी नाही.

परब छाती फुगवून उभा. "मी स्वतः केलंय. तीन रविवार लागले. आधी तुमची ती केबल लोंबत होती, घाणेरडी दिसायची. सगळ्यांनी वाखाणलं. मॅडमनी मोबाईलवर फोटो काढला."

वर्षा माझ्या कानात पुटपुटली, "चारशे मीटरमधला सगळ्यात सुंदर भाग, आणि सगळा आवाज इथूनच आत येतोय."

आता हे त्याला सांगणार कोण? माणसानं आपले तीन रविवार त्यात घातलेले. मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पांनी मला मागे सारलं.

"खंयचे तुमी, परबांनु?"

"तळगावचा."

"मगे तुमचा खळा कसा आसतला, ता माका म्हायत आसा. शेणान सारवलेला, एक काडी पडलेली नाय." परब खुलला. आप्पा पुढे म्हणाले, "पण मिरच्या वाळत घातल्यास, तर त्येंच्या बाजूक चिकटून पापड घालशात?"

"छे! पापडाला तिखट वास लागेल."

आप्पा नुसते ट्रेकडे बघत राहिले. परबही बघत राहिला. मग त्यानं मिशीवरनं हात फिरवला, खिशातनं कटर काढला आणि पहिली टाय स्वतःच तोडली. तोडताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. मला खरंच वाईट वाटलं त्याचं.

दोन दिवस आम्ही चौघांनी मिळून केबल समोरच्या भिंतीवर नेली. जिथे पॉवर केबलीला ओलांडणं भाग होतं तिथे ती काटकोनात ओलांडली, सोबतीनं चालायचं नाही, भेटायचं आणि पुढे सटकायचं. परबानं समोरच्या भिंतीवरसुद्धा दर वीतभरावर टाय मारली, एकदम ओळंब्यात. गुणगुण निम्म्याहून खाली आली. मॅडम आल्या आणि त्यांनी पुन्हा फोटो काढला, तेव्हा कुठे परब आमच्याशी हसून बोलला.

*

एवढं होऊनसुद्धा थोडी गुणगुण राहिलीच होती. मयेकरबाई एकदा सहज बोलून गेल्या की होळीपासून आवाज जरा वाढलाच होता. वर्षानं हे डोक्यात ठेवलं. होळीला असं काय झालं? एसी तर त्याच्या आधीच बसलेला.

मग तिनं अर्थिंग मोजलं. पत्र्याचं अर्थिंग ज्या जुन्या खड्ड्यात जातं, तो कंपाउंडमध्ये मागच्या बाजूला आहे. रीडिंग बघून ती म्हणाली, "ही जमीन आहे की थर्माकोल?"

परबाला पटेना. "मॅडम, हा आपल्या हॉस्पिटलचा बेस्ट खड्डा आहे. मी दर वर्षी चेक करतो, कधी कंप्लेंट नाही."

आम्ही बघायला गेलो. खड्ड्यावरचं झाकण कधीच फुटलेलं, आणि बरोबर मध्ये एक तुळस. सुकून काटकी झालेली.

"ही कोणाची?"

"लक्ष्मीमावशींची. आया होत्या इथे. रिटायर झाल्या तरी रोज सकाळी यायच्या, तुळशीला बादलीभर पाणी घालायच्या, वॉर्डात सगळ्यांना भेटून जायच्या. होळीला लेकीकडे चिपळूणला गेल्या, आता तिथेच राहणार म्हणतात."

वर्षानं माझ्याकडे बघितलं, मी आप्पांकडे, आप्पा परबाकडे. खड्डा ओला असेल तरच अर्थिंग चालतं. इतकी वर्षं परबाचा बेस्ट खड्डा एक म्हातारी बाई सांभाळत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता!

आम्ही लालबागच्या बाजारातनं खडेमीठ आणि कोळसा आणला, खड्डा नीट भरला, वर पाणी घातलं. वर्षा मीटर लावून बसली. आकडा उतरत होता आणि ती कॉमेंट्री करत होती, "उतरला... अजून उतरला... परब, अजून एक बादली!" चौथ्या बादलीला स्पीकरवरची गुणगुण इतकी खाली गेली की मला कान टेकवावा लागला.

परबानं लक्ष्मीमावशींना फोन लावला आणि सगळी हकिकत सांगितली. तिकडनं बाई काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण परब दोनदा "हो मावशी, सॉरी मावशी" म्हणाला. दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सच्या फळ्यावर पंप, लिफ्ट, जनरेटर यांच्याही वर खडूनं लिहिलेलं होतं, "रोज सकाळी ७, तुळशीला पाणी. इलेक्ट्रिकल विभाग."

*

बारावा दिवस. गुणगुण गेल्यात जमा, खोट्या घंटा बंद. आणि नेमका त्याच दिवशी एक नवीनच प्रकार उघडा पडला. इतके दिवस तो घूंऽऽऽ मध्ये दबलेला होता.

वरच्या वॉर्डातल्या एका बाळंतिणीनं बटण दाबून गरम पाणी मागितलं. ते सिस्टरला ऐकू गेलं, आणि खालच्या वॉर्डातसुद्धा ऐकू गेलं! खालच्या एका आजोबांनी लगेच आपलं बटण दाबलं, "सिस्टर, त्या बाईंना आधी पाणी द्या, माझ्या गोळ्या राहू देत." वरनं बाईचा आवाज, "अगं बाई, हे कोण?" आजोबा म्हणाले, "मी खालचा. मुलगा की मुलगी?"

पाच मिनिटांत ओळखपाळख, नक्षत्र, नाव काय ठेवायचं इथपर्यंत गाडी पोचली. सगळा वॉर्ड खूश! पण आमची वाट लागली. कन्सल्टंट यायला तीन दिवस आणि ही लाईन अशी बोलकी.

"तारा सगळ्या बरोबर जोडल्यात. मी एकेक टोक तपासलंय," वर्षा म्हणाली. रडकुंडीला आली होती पोरगी.

आप्पांनी केबलीवर हात फिरवत अख्खं तळघर पालथं घातलं. मी मागे बॅटरी घेऊन. एसी प्लांटच्या मागे एका ठिकाणी ते थांबले. तिथे काळ्या टेपचा एक गोळा होता. त्यांनी तो बोटांनी चाचपला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की बास!

"दिन्या! ह्यो माझो जॉइंट न्हंय!"

आपलं अक्षर माणूस ओळखतो ना, तसं. एसी बसवणाऱ्यांनी भिंत फोडताना केबल तोडली होती आणि गुपचूप परत जोडून प्लांटच्या मागे ढकलली होती. टेप सोडवला. आत प्रत्येक तार जोडलेली होती, पण पीळ बघून कोणी जोडलीच नव्हती.

वर्षाला कळलं, मला कळलं, परबाला कळेना. आप्पांनी त्याला समजावलं. "ह्या बघ. दोन तारा एकमेकांक पिळून रवतत, म्हणजे नवरा-बायको. भायरसून आवाज इलो, तर दोघांक सारखोच ऐकाक येता, आणि घरातल्या घरात मिटता. हेणी काय केल्यान? ह्या घरातलो घोव आणि त्या घरातली बायल, अशे जोडून टाकल्यान!"

"अरे बापरे," परब म्हणाला.

"मगे ह्या घरातला त्या घरात कळतला नाय तर काय?"

"आप्पा, हे वाक्य मी रिपोर्टमध्ये लिहू शकत नाही," वर्षा म्हणाली.

"कित्याक? चूक आसा?"

आप्पांनी तो जॉइंट पुन्हा मारला. मांडी घालून बसले, चष्मा नाकावर आणि बोटं चाललीयत. ज्याचा त्याला जोडीदार मिळत गेला. परब बॅटरी धरून उभा होता, एकदाही हलला नाही. काम झालं तेव्हा आप्पा उठले, कंबर धरली आणि नेहमीसारखं मला विचारलं, "आवाज आसा काय रे?"

मी वर ड्यूटी रूममध्ये जाऊन स्पीकर फुल्ल केला. काहीच नाही. श्वास धरून ऐकलं, तरी काहीच नाही. धावत खाली येऊन सांगितलं, "आप्पा, काहीसुद्धा नाही हो!" त्यांनी मान डोलावली आणि बिडी शोधायला लागले. मला मात्र त्या म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. आता वाटतं, मारायला हवी होती.

वरच्या बाळंतिणीनं मात्र सिस्टरकडे तक्रार केली. "ते खालचे आजोबा हल्ली बोलत नाहीत. बरे आहेत ना?"

*

आता शेवटचा, पंधराव्या दिवसाचा.

दुपारी तीन वाजता ड्यूटी रूममध्ये सगळे जमले. ॲडमिनच्या मॅडम, कन्सल्टंट, परब नवीन इस्त्री करून, आणि आम्ही तिघं. मयेकरबाई कोपऱ्यात त्यांच्या टेबलावर डिस्चार्जचे कागद करत बसल्या होत्या. बेड नंबर नऊचा पेशंट सकाळीच घरी गेला होता, त्याची फाईल बंद करत होत्या.

कन्सल्टंट वाईट माणूस नव्हता, हे सांगायला पाहिजे. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. वर्षाचे आलेख बघितले. स्पीकर फुल्ल करून कान लावला. मग टॅबलेट मिटला.

"व्हेरी गुड वर्क. आवाज नाही, मान्य. पण मॅडम, मला सांगा, प्रॉब्लेम आवाजाचा होता का?"

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे?"

"स्टाफचा ह्या सिस्टीमवरचा विश्वास उडालाय. वर्षभर घंटा खोटी वाजली. उद्या खरी वाजली तरी लोक आधी विचार करणार, मग उठणार. केबल दुरुस्त होते हो, सवय कशी दुरुस्त करणार? नवीन सिस्टीम आली, नवीन आवाजाची घंटा आली, तर लोक नव्यानं विश्वास ठेवतील. जुनी काढाच."

वर्षाच्या लॅपटॉपमध्ये सगळ्याचा आलेख होता, विश्वासाचा नव्हता. मी मयेकरबाईंकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही. लिहीत राहिल्या.

मी आप्पांकडे वळलो, तर आप्पा जागेवर नव्हतेच! दार हलत होतं. अर्धं इंग्रजी, त्यात कान अधू, किती कळलं असेल कोण जाणे. पण मॅडमचा चेहरा त्यांनी वाचला असणार. गेला म्हातारा. आता गाळ्यात जाऊन हत्यारं पिशवीत भरेल आणि आपल्याला काही सांगणारसुद्धा नाही. वर्षा हळूच म्हणाली, "दिनूदादा, जा ना त्यांच्यामागे."

मी म्हटलं, "सही होऊ दे, मग जातो."

मॅडमनी वर्षाचे आलेख पुन्हा एकदा सावकाश चाळले, मग पेन काढलं. कन्सल्टंटनं कागद पुढे सरकवला.

टिंग!

सगळ्यांनी पॅनलकडे बघितलं. नंबर पेटला होता. नऊ.

"नऊ?" मॅडम म्हणाल्या. "नऊ तर रिकामा आहे!"

परबानं कपाळाला हात लावला. वर्षानं डोळे मिटले. पंधरा दिवस, चारशे मीटर, साठ मीटर टाया, चार बादल्या पाणी, सगळं गेलं मातीत! कन्सल्टंट हसला नाही, उलट त्याला वाईटच वाटलं असावं. "देअर यू आर, मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला. "रिकामा बेड. आता मला सांगा, ह्या घंटेला कोणता स्टाफ..."

बोलता बोलता तो कोपऱ्याकडे वळला आणि थांबला.

खुर्ची रिकामी होती. पेन जमिनीवर पडलेलं होतं. नऊ नंबरची फाईल टेबलावर तशीच उघडी. आणि बाहेर पुलावर चपलांचा आवाज, फट्‌ फट्‌ फट्‌ फट्‌, लांब लांब जात होता.

वर्षानं हात पुढे करून स्पीकर चालू केला. आधी काहीच ऐकू येईना. मग वॉर्डातल्या पंख्याची टकटक. मग लांबनं, जवळ येत, चपला. मग धापा, एकेक धाप अशी स्पष्ट की बाई आमच्या शेजारी उभ्या आहेत असं वाटावं.

"काय झालं? कुठे दुखत... अगो बाई! आप्पा? तुम्ही? आणि आत्ताच चादर बदललीय मी!"

"काय नाय गो," आप्पांचा आवाज आला. "तू येतंस काय, ता बघूक दाबलंय."